दयाधिकार आणि आष्टी-चिमूर : एका संस्थेचा इतिहास

१. संस्थेचे स्वरूप

वर्धा जिल्ह्याच्या सार्वजनिक जीवनाचा इतिहास लिहिताना आश्रम, शाळा, वाचनालये आणि सहकारी संस्था यांना हक्काची जागा मिळते. परंतु ज्या संस्थेच्या निर्णयामुळे या जिल्ह्यातील आष्टी आणि शेजारच्या तत्कालीन चांदा जिल्ह्यातील चिमूर येथील फाशीच्या कैद्यांचे प्राण वाचले, त्या दयाधिकाराचा उल्लेख बहुधा एखाद्या वाक्यात आटोपतो. न्यायालयाने कायम केलेली शिक्षा स्थगित करणे, तिच्यात सूट देणे, ती सौम्य शिक्षेत बदलणे किंवा ती पूर्णपणे माफ करणे, या चार गोष्टी करण्याचा राज्याच्या सर्वोच्च सत्तेकडे असलेला अधिकार म्हणजे दयाधिकार होय. या संस्थेला स्वतःची इमारत नाही, सभासद नाहीत आणि वार्षिक अहवालही नाही. तुरुंगातून निघालेला अर्ज, त्यावर जिल्ह्यापासून राजधानीपर्यंत चढत गेलेली टिपणे आणि शेवटी एक सही, एवढाच तिचा दृश्य कारभार असतो. तरीही तिला नियम, परंपरा आणि पूर्वोदाहरणे असल्याने तिचा इतिहास इतर कोणत्याही संस्थेप्रमाणे लिहिता येतो.

या इतिहासात दोन प्रकार वेगळे ठेवणे आवश्यक आहे. पहिला प्रकार सार्वत्रिक माफीचा असून, तिच्यात शासन एखाद्या घोषणेने वा कायद्याने अपराध्यांच्या संपूर्ण वर्गाला सोडते. दुसरा वैयक्तिक दयेचा असून, तिच्यात एकेका अर्जदाराचे प्रकरण स्वतंत्रपणे तपासले जाते. राजकीय संघर्षात झालेल्या हत्यांच्या बाबतीत हा भेद कळीचा ठरतो, कारण घोषणा करणाऱ्या सत्तेने पुष्कळदा बंडाला माफी दिली, पण हत्या तेवढी वगळली, आणि त्यामुळे वगळलेल्या माणसांचे भवितव्य वैयक्तिक दयेवर येऊन ठेपले.

नागपूर-वर्धा लोहमार्गाच्या एका टोकाला मध्यप्रांत व वऱ्हाड या प्रांताची तेव्हाची राजधानी, सचिवालय आणि १९३६ मध्ये स्थापन झालेले नागपूर उच्च न्यायालय होते, तर दुसऱ्या टोकाला वर्धा आणि सेवाग्राम होते. शिक्षा देणारी व दया नाकारू वा देऊ शकणारी सत्ता एका बाजूला आणि तिच्याकडे रदबदली करणारे लोकमत दुसऱ्या बाजूला, अशी आष्टी-चिमूर प्रकरणाची मांडणी भूगोलातही दिसते, आणि म्हणून या परिसरातील वाचकाला हा इतिहास परका वाटण्याचे कारण नाही.

२. आरंभ : १८५८ ते १९३१

ब्रिटिश हिंदुस्थानात राजकीय माफीचा पहिला मोठा दस्तऐवज म्हणजे १ नोव्हेंबर १८५८ चा राणी व्हिक्टोरियाचा जाहीरनामा होय. १८५७ च्या उठावात सामील झालेल्यांना त्यात क्षमा देऊ केली होती. मात्र ब्रिटिश प्रजाजनांच्या हत्येत ज्यांचा प्रत्यक्ष भाग होता, असे सिद्ध झाले होते किंवा पुढे होईल, त्यांना त्या क्षमेतून वगळण्यात आले होते. बंड हा राज्याविरुद्धचा अपराध असल्याने राज्य तो विसरू शकते, पण हत्या हा मारल्या गेलेल्या माणसाविरुद्धचाही अपराध असल्याने तो तसा विसरता येत नाही, हा विचार या अपवादामागे वाचता येतो. हत्या कोणाची झाली यावर तो अपवाद अवलंबून होता, ही गोष्टही तितकीच खरी आहे.

२३ डिसेंबर १९१९ रोजी माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांच्या वेळी पंचम जॉर्ज यांच्या घोषणेनुसार राजकीय कैद्यांना दया दाखवण्यात आली आणि त्यानंतर बारीन्द्रकुमार घोष यांच्यासारखे अंदमानातील कैदी सुटले. पुढे ५ मार्च १९३१ च्या गांधी-आयर्विन करारात सविनय कायदेभंगाचे कैदी सोडण्याचे ठरले, तेव्हा हिंसा आणि हिंसेची चिथावणी यांसाठी शिक्षा झालेल्यांना पुन्हा एकदा बाहेर ठेवण्यात आले. जाहीरनाम्याची भाषा बदलली, सुधारणांचे युग आले, तरी अपवादाची रेघ जवळपास तिथेच राहिली.

महाराष्ट्राने या रेघेचा अनुभव सोलापुरात घेतला. मे १९३० मध्ये तेथील दंगलीत पोलीस मारले गेले, त्यानंतर शहरात मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा, पुकारला गेला, आणि पोलिसांच्या हत्येच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवडा तुरुंगात फाशी देण्यात आली. त्याआधी चौरीचौरा प्रकरणात १७२ जणांना सत्र न्यायालयाने फाशी सुनावली होती. अलाहाबाद उच्च न्यायालयापुढे मदनमोहन मालवीय यांनी बाजू मांडल्यावर १९२३ मध्ये ती संख्या १९ वर आली आणि तेवढे फासावर गेले. जमावाने केलेल्या हत्येत नेमका कोणाचा हात होता, हा प्रश्न या दोन्ही प्रकरणांच्या केंद्रस्थानी होता, आणि आष्टी-चिमूरच्या वेळी तोच प्रश्न दया देणाऱ्यांपुढे आला.

३. १६ ऑगस्ट १९४२

८ ऑगस्ट १९४२ रोजी 'छोडो भारत' ठराव झाला आणि ९ ऑगस्टच्या पहाटे काँग्रेसचे प्रमुख नेते अटकेत गेले. त्यानंतर आठवड्याभरात, १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, वर्धा जिल्ह्याच्या आर्वी तहसिलीतील आष्टी आणि चांदा जिल्ह्याच्या वरोरा तहसिलीतील चिमूर या दोन गावांत जमाव आणि पोलीस समोरासमोर आले. दोन्ही ठिकाणी गोळीबार झाला आणि गावकरी मृत्युमुखी पडले. चिमूरला बळी पडलेल्यांत बालाजी रायपूरकर हा कोवळ्या वयाचा मुलगा होता. आष्टीला ठाणेदार रामनाथ मिश्रा आणि त्यांचे शिपाई जमावाच्या हातून मारले गेले. चिमूरला जमावाने डाक बंगल्याला आग लावली आणि उपविभागीय दंडाधिकारी डुंगाजी, नायब तहसीलदार सोनवणे व सर्कल इन्स्पेक्टर जरासंध यांना प्राण गमवावे लागले. मारणारे आणि मरणारे एकाच मुलखातले, एकाच प्रशासनाच्या छायेखाली जगणारे लोक होते, ही बाब स्मारकांच्या भाषेत सहसा उमटत नाही. परंतु दयेचा विचार करणाऱ्याला ती टाळता येत नाही.

या घटनांनंतर चिमूरला लष्कर आले आणि तेथील स्त्रियांवर अत्याचार झाल्याच्या तक्रारी बाहेर आल्या. त्यांची चौकशी व्हावी या मागणीसाठी सेवाग्राम आश्रमातील प्रा. जयकृष्ण भणसाळी यांनी नोव्हेंबर १९४२ मध्ये उपोषण सुरू केले. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असलेले यवतमाळचे बापूजी अणे यांच्या दिल्लीतील निवासस्थानापासून आरंभ झालेले हे उपोषण ६३ दिवस चालले आणि तडजोड होऊन १२ जानेवारी १९४३ रोजी सुटले. ज्या स्वतंत्र न्यायिक चौकशीची मागणी होती, ती मात्र झाली नाही. परिणामी १६ ऑगस्टच्या हत्यांची साक्षीपुराव्यानिशी छाननी झाली, पण त्यानंतरच्या दिवसांत शासनाच्या बाजूने काय घडले याची तशी छाननी झाली नाही, आणि पुढे दयाअर्ज जेव्हा तोलले गेले, तेव्हा तराजूच्या एका पारड्यात घालायला अधिकृत असे काहीच नव्हते.

४. खटले आणि वटहुकूम

दयाअर्जाला अर्थ येतो तो शिक्षा कशी झाली यावरून, म्हणून येथे खटल्यांच्या चौकटीचा विचार करणे आवश्यक आहे. युद्धकाळात जानेवारी १९४२ मध्ये काढलेल्या विशेष फौजदारी न्यायालय वटहुकुमानुसार विशेष न्यायाधीश नेमले गेले होते. वटहुकूम म्हणजे विधिमंडळाऐवजी गव्हर्नर-जनरलने काढलेला तात्पुरता कायदा. या न्यायालयांत नेहमीची कार्यपद्धती आखूड केलेली होती, अपिलाचा सर्वसाधारण हक्क काढून घेतलेला होता, आणि गंभीर शिक्षांच्या बाबतीत प्रांतिक सरकारने नेमलेल्या उच्च न्यायालयाच्या एका न्यायाधीशाकडून फेरतपासणी एवढीच सोय ठेवलेली होती. आष्टी आणि चिमूरचे खटले याच विशेष व्यवस्थेखाली उभे राहिले.

४ जून १९४३ रोजी फेडरल कोर्टाने बनवारीलाल शर्मा खटल्यात ही न्यायालयेच बेकायदेशीर ठरवली; सरकारने लगोलग दुसरा वटहुकूम काढून आधी झालेल्या शिक्षांना कायद्याचे पाठबळ दिले व त्याच वेळी अपिलाची वाट मोकळी केली. पुढे १९४४ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने फेडरल कोर्टाचा निर्णय फिरवला. प्रिव्ही कौन्सिल म्हणजे साम्राज्याचे शेवटचे अपील न्यायालय. एकच शिक्षा आधी वैध, मग अवैध, मग वटहुकुमाने पुन्हा वैध, अशा फेऱ्यांतून जात असताना फाशीचा कैदी मात्र त्याच कोठडीत महिनोन्‌महिने वाट पाहत राहत असे, आणि हा काळ पुढे दयेच्या बाजूचा एक स्वतंत्र मुद्दा बनला.

दोषसिद्धीचा कायदाही समजून घ्यायला हवा. तेव्हा लागू असलेल्या भारतीय दंड संहितेच्या कलम १४९ नुसार बेकायदेशीर जमावाच्या समान उद्देशासाठी एका सभासदाने केलेला अपराध जमावातील प्रत्येकाचा मानला जाई. दगड कोणी मारला, काठी कोणाची लागली, आग कोणी लावली हे वेगवेगळे सिद्ध झाले नाही, तरी जमावात असणे आणि त्याचा उद्देश ठाऊक असणे एवढ्यावर खुनाची शिक्षा होऊ शकत असे. दोषी ठरवण्याच्या पायरीवर हे कलम सर्वांना एका ओळीत उभे करीत असे. दयेच्या पायरीवर त्यांना पुन्हा वेगवेगळे करून पाहावे लागते, कारण पुढे होऊन वार करणारा आणि मागच्या रांगेत घोषणा देणारा यांचा गुन्हा कायद्याने एक असला, तरी दोघांचा गळा एकाच दोरीस पात्र ठरतो असे नाही.

५. अर्ज कसा चढत असे

फाशी कायम झाल्याचे कैद्याला कळवल्यानंतर तुरुंगाच्या नियमांनुसार ठरावीक दिवसांत त्याला दयाअर्ज करता येत असे. अर्ज कैद्याच्या भाषेत असला तर त्याचे इंग्रजीत भाषांतर होई. त्याला निकालपत्रे जोडली जात, स्थानिक अधिकाऱ्यांचा अभिप्राय घेतला जाई आणि कागद गव्हर्नरकडे जात. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४०१ व ४०२ नुसार शिक्षेत सूट देण्याचा आणि ती बदलण्याचा अधिकार प्रांतिक सरकारला होता, तर १९३५ च्या भारत सरकार कायद्याच्या कलम २९५ नुसार फाशीच्या बाबतीत तसाच अधिकार गव्हर्नर-जनरलकडेही राखलेला होता. म्हणजे नागपुरात अर्ज फेटाळला गेला, तरी दिल्लीचे दार उघडे राहत असे.

या व्यवस्थेतला एक दोष आष्टी-चिमूरच्या प्रकरणात ठळकपणे पुढे आला. नोव्हेंबर १९३९ मध्ये काँग्रेस मंत्रिमंडळाने राजीनामा दिल्यापासून प्रांताचा कारभार एकट्या गव्हर्नरच्या हाती होता, आणि त्या जागी सर हेन्री ट्वायनॅम होते. १९४२ चा उठाव ज्यांच्या प्रशासनाविरुद्ध झाला, ज्यांच्या आदेशाखाली तो मोडला गेला, ज्यांनी चौकशीची मागणी मान्य केली नाही, त्यांच्याच मेजावर दयाअर्ज जात होते. दया देणारी सत्ता संघर्षातील एक पक्ष असली, म्हणजे तिची दया राजकीय सवलतीसारखी आणि तिचा नकार सूडासारखा दिसतो, मग तिचा हेतू काहीही असो.

६. लोकमत आणि शिक्षाबदल

कैद्यांच्या बाजूने पुढाकार घेणाऱ्यांत नागपूरच्या अनसूयाबाई काळे यांचे नाव अग्रभागी आहे. १९३७ च्या प्रांतिक विधानसभेत त्या उपाध्यक्ष होत्या आणि स्वातंत्र्यानंतर लोकसभेवर निवडून आल्या. मधल्या काळातील त्यांच्या कार्यात आष्टी-चिमूरच्या फाशीच्या कैद्यांसाठी केलेली धडपड सर्वांत मोलाची मानली जाते. मे १९४४ मध्ये गांधीजींची सुटका झाली व ते सेवाग्रामला परतले, तेव्हापासून त्यांनीही हा प्रश्न हाती घेतला आणि व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल यांच्यापर्यंत नेला. हत्येचे समर्थन न करता फाशी मात्र टाळावी, ही गांधीजींची भूमिका त्यांच्या अहिंसेशी सुसंगत होती, आणि म्हणूनच हिंसेच्या बाजूने बोलल्याचा आरोप तिच्यावर ठेवता येत नव्हता.

या प्रकरणातून दयेच्या बाजूने उभे राहणारे मुद्दे असे मांडता येतात : हत्या पूर्वनियोजित कटातून नसून नेत्यांची अटक आणि गोळीबार यांनी पेटलेल्या जमावाच्या हातून झाल्या, शिक्षा अपवादात्मक न्यायव्यवस्थेने दिल्या, कैदी दीर्घकाळ मृत्यूच्या छायेत राहिले, आणि ज्या युद्धजन्य परिस्थितीने ही कठोरता आणली, ती संपत आली होती. विरुद्ध बाजूचे मुद्देही हलके नव्हते : मारले गेलेले अधिकारी व शिपाई कर्तव्यावर होते, त्यांतील काही घेरले गेल्यावर मारले गेले, आणि पोलिसांच्या हत्येला माफी मिळाली तर कायद्याचा धाक उरत नाही.

१९४५ मध्ये, युद्ध संपण्याच्या सुमारास, फाशीच्या शिक्षा जन्मठेपेत बदलण्यात आल्या, आणि पुढे काँग्रेस मंत्रिमंडळ पुन्हा अधिकारावर आल्यानंतरच्या काळात कैद्यांची सुटका झाली. त्याच वर्षी बिहारमधील फाशीचे कैदी महेंद्र चौधरी यांच्यासाठी गांधीजींनी केलेली रदबदली मात्र व्यर्थ गेली आणि त्यांना फाशी झाली. एका प्रांतात दया आणि दुसऱ्यात नकार, यांतील फरक कोणत्या तत्त्वावर होता, हे सांगणारा कारणांसह दिलेला जाहीर निर्णय या संस्थेच्या पद्धतीतच नव्हता. अर्जदाराची तोंडी सुनावणी नव्हती आणि मृतांच्या कुटुंबीयांना बाजू मांडण्याची जागाही नव्हती.

काही महिन्यांतच आझाद हिंद सेनेच्या खटल्यात याच प्रश्नाचे वेगळे उत्तर पुढे आले. शाहनवाज खान, सहगल आणि धिल्लन यांना दिलेली जन्मठेप सरसेनापती ऑकिनलेक यांनी जानेवारी १९४६ मध्ये माफ केली. मात्र ज्यांच्यावर क्रूर वागणुकीचा आरोप सिद्ध झाला, त्यांना ही सवलत न देण्याचे धोरण ठेवले गेले. राजाविरुद्ध युद्ध करणे आणि हाती सापडलेल्या माणसाशी क्रूरपणे वागणे यांत केलेला हा भेद १८५८ च्या रेघेपेक्षा अधिक सूक्ष्म होता, कारण त्यात बळी कोण होता यापेक्षा कृती कशी होती याला महत्त्व आले.

७. राज्यघटनेनंतर

१९५० मध्ये हा अधिकार अनुच्छेद ७२ नुसार राष्ट्रपतींकडे आणि अनुच्छेद १६१ नुसार राज्यपालांकडे आला, आणि दोघांनीही तो मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वापरायचा असतो, हे न्यायालयांनी स्पष्ट केले. केहर सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की राष्ट्रपती पुरावा नव्याने तपासून न्यायालयापेक्षा वेगळ्या निष्कर्षाला येऊ शकतात, परंतु अर्जदाराला तोंडी सुनावणीचा हक्क नाही. २०१४ च्या शत्रुघ्न चौहान निकालाने अर्जावरील अवाजवी विलंब हे फाशी बदलण्याचे कारण मानले. आष्टी-चिमूरच्या कैद्यांच्या बाजूने जो मुद्दा विनंती म्हणून उभा होता, तो येथे हक्काच्या भाषेत आला. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७२ ने फाशीच्या दयाअर्जांसाठी मुदतीही घालून दिल्या आहेत.

राजकीय हत्येच्या दृष्टीने २००६ चा एपुरू सुधाकर निकाल विशेष महत्त्वाचा आहे. आंध्र प्रदेशात राजकीय वैरातून झालेल्या हत्येतील दोषीला राज्यपालांनी शिक्षेत सूट दिली होती, आणि त्याच्या बाजूच्या कागदपत्रांत तो एका पक्षाचा चांगला कार्यकर्ता असल्याचा उल्लेख होता. मृताच्या मुलाने त्या आदेशाला आव्हान दिले आणि सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. जात, धर्म वा पक्षनिष्ठा हे दयेचे कारण होऊ शकत नाही आणि निर्णयात बळींच्या कुटुंबांवरील परिणामाचाही विचार व्हायला हवा, असे तत्त्व त्यातून पक्के झाले. ज्या दारातून १९४५ मध्ये मृतांचे नातेवाईक आत येऊ शकत नव्हते, ते दार अशा रीतीने किलकिले झाले.

विदर्भात हा विषय संपलेला नाही. गडचिरोलीतील माओवादी हिंसेच्या संदर्भात महाराष्ट्र शासनाने २००५ पासून आत्मसमर्पण योजना राबवली आहे. आत्मसमर्पण म्हणजे शस्त्र टाकून शासनाकडे येणे. त्यातून पुनर्वसनाची मदत मिळते, पण हत्येच्या खटल्याचे काय करायचे हा प्रश्न स्वतंत्र राहतो, कारण खटला मागे घेण्यास न्यायालयाची संमती लागते. पुनर्वसन, खटला मागे घेणे आणि दया या तीन वेगवेगळ्या पायऱ्या असून, त्यांची गल्लत झाली की एका बाजूला खोटी आशा आणि दुसऱ्या बाजूला न्याय विकला गेल्याची भावना निर्माण होते.

८. तोलण्याची एक उघड पद्धत

राजकीय हत्यांचे माफीअर्ज उघडपणे तोलण्याचा सर्वांत व्यापक प्रयोग दक्षिण आफ्रिकेत झाला. १९९५ च्या कायद्याने नेमलेल्या सत्य व सलोखा आयोगाच्या माफी समितीपुढे अर्जदाराला तीन गोष्टी दाखवाव्या लागत : कृत्य १ मार्च १९६० ते १० मे १९९४ या काळातले आहे, ते राजकीय उद्दिष्टाशी निगडित आहे आणि त्याबद्दलचे संपूर्ण सत्य त्याने सांगितले आहे. राजकीय उद्दिष्ट ठरवताना हेतू, प्रसंग, कृत्याचे स्वरूप, लक्ष्य कोण होते, संघटनेचा आदेश होता का, आणि उद्दिष्टाच्या मानाने हिंसा प्रमाणात होती का, हे पाहिले जाई. ही कसोटी नामिबियाच्या संदर्भात डॅनिश कायदेपंडित कार्ल नॉरगार्ड यांनी मांडलेल्या तत्त्वांवरून घेतली होती. पश्चात्ताप ही अट नव्हती. गंभीर प्रकरणांत जाहीर सुनावणी होई आणि बळींच्या कुटुंबीयांना विरोध नोंदवता येई.

समितीकडे ७,११२ अर्ज आले आणि त्यांपैकी ८४९ मंजूर झाले. एमी बील या अमेरिकन तरुणीची हत्या करणाऱ्या चौघांना १९९८ मध्ये माफी मिळाली आणि तिच्या आईवडिलांनी विरोध केला नाही. वर्णभेदविरोधी नेते ख्रिस हानी यांच्या मारेकऱ्यांचे अर्ज मात्र संपूर्ण सत्य न सांगितल्याने आणि आपल्या पक्षाच्या आदेशावरून कृत्य केल्याचे न पटल्याने फेटाळले गेले, तर वर्णभेदविरोधी कार्यकर्ते स्टीव्ह बिको यांच्या कोठडीतील मृत्यूशी संबंधित पोलिसांचेही अर्ज नाकारले गेले. सत्तेचे पोलीस आणि सत्तेविरुद्ध लढणारे यांना एकच कसोटी लावणे, हे या समितीचे वेगळेपण होते. ही पद्धत निर्दोष नव्हती. बिको यांच्या कुटुंबासह काहींनी माफीच्या कल्पनेलाच घटनात्मक आव्हान दिले होते आणि ते १९९६ मध्ये तेथील घटना न्यायालयाने फेटाळले.

९. समारोप

आष्टी-चिमूरच्या फाशी टळल्या हे योग्य झाले, याबद्दल आज फारसा मतभेद आढळत नाही. या संस्थेच्या इतिहासातून दिसते ते असे की १९४५ ची दया जीव वाचवण्यापुरती यशस्वी झाली, पण तिने निवाडा केला नाही : कोणाचा हात कितपत होता, गोळीबार समर्थनीय होता का, चिमूरच्या स्त्रियांच्या तक्रारींत तथ्य किती, मिश्रा, डुंगाजी, सोनवणे आणि जरासंध यांच्या कुटुंबांचे राज्य काय देणे लागते, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर तिने नोंदवले नाही. कारणांशिवाय दिलेली दया पुढच्या प्रकरणाला मार्गदर्शक ठरत नाही, म्हणून प्रत्येक वेळी तोच वाद पहिल्यापासून सुरू होतो.

म्हणून राजकीय हत्येच्या अर्जाचा विचार करताना या इतिहासाच्या आधारे निदान चार गोष्टींचा आग्रह धरता येतो : अर्जदाराचा स्वतःचा सहभाग जमावापासून वेगळा करून पाहावा, त्याच संघर्षातील शासनाच्या कृत्यांची चौकशी त्याच कसोटीने व्हावी, मृतांच्या कुटुंबीयांचे म्हणणे ऐकले जावे, मात्र त्यांना नकाराधिकार असू नये, आणि निर्णय कोणताही असो, त्याची कारणे लिहिलेली असावीत. पहिली अट कलम १४९ च्या मर्यादेतून, दुसरी भणसाळींच्या अपूर्ण राहिलेल्या मागणीतून, तिसरी एपुरू सुधाकर निकालातून आणि चौथी महेंद्र चौधरींच्या फाशीतून निघते. या चारही अटी पाळूनही दया नाकारली जाऊ शकते, किंवा दिली जाऊ शकते. पण त्या पाळल्या गेल्या तर नकार मिळालेल्यालाही तो का मिळाला हे समजेल, आणि सुटलेल्या माणसाच्या गावात ज्यांचे माणूस गेले त्यांनाही.